फुकट उतरवून घेतलेलं डिजिटल साहित्य विकणं : कायदा काय, नीती काय?

गोधडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. शिक्षकांसाठी एक डिजिटल संच तयार करते आहे. त्यात रंगवायची चित्रं, गोष्टींची छोटी ई-पुस्तकं, भिंतीवर लावायच्या तक्त्यांचे साचे, देवनागरी फॉन्ट आणि कवितांच्या मागे वाजवायला काही ध्वनिफिती आहेत. यातलं बहुतेक साहित्य जालावर उघड्यावर आहे. कुणी पैसे मागितले नाहीत, काही ठिकाणी तर खातंसुद्धा उघडावं लागलं नाही. मी ते शोधलं, चाळलं, निकृष्ट होतं ते टाकून दिलं, इयत्तांप्रमाणे लावलं. आता हा संच थोड्या पैशांत विकायला ठेवावा असं मनात आहे.

घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो, दुसऱ्याचं फुकट उचलून विकायचं म्हणजे चोरीच. दुसरा म्हणतो, पैसे तुझ्या मेहनतीचे घेते आहेस, मालाचे नाही. कायदा काय म्हणतो तेही ऐकायचं आहे आणि कायदा काहीच म्हणत नसेल तिथे तुम्ही काय म्हणाल तेही. ओरडलात तरी चालेल, पण कारण देऊन ओरडा.

उगाच

फुकट आहे ना, मग विका की. घेणाऱ्याला शोधता आलं असतं तर त्याने शोधलं असतं. पुढचा धागा.

तळटीप

उगाच, नेहमीप्रमाणे पहिल्याच चेंडूवर विकेट फेकलीत.

गोधडीताई, उतरवून घेता येणं आणि विकायची परवानगी असणं या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. १८८६ च्या बर्न कराराला जवळपास सगळे देश बांधील आहेत आणि त्यानुसार हक्क मिळायला नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात गोलातला 'सी' छापावा लागत नाही. चित्र कागदावर किंवा पडद्यावर उतरलं की हक्क काढणाऱ्याचा. त्याने ते सगळ्यांना दिसेल असं ठेवलं म्हणजे हक्क सोडला असं होत नाही. म्हणून ज्या फाइलवर, ज्या पानावर परवान्याबद्दल चकार शब्द नाही, तिथे 'काही लिहिलं नाही म्हणजे चालत असेल' असं नव्हे, 'लिहिलं नाही म्हणजे नाही' असंच धरायचं. तुमच्या संचातला सगळ्यात मोठा ढीग बहुधा हाच निघेल.

दुसरा ढीग हक्काची मुदत संपलेल्या साहित्याचा. तो कुणीही छापावा, विकावा. फक्त मुदत देशागणिक वेगळी असते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, युरोपीय संघात ७०, अमेरिकेत जुन्या प्रकाशनांना प्रकाशनापासून ९५. संच जालावर विकणार म्हणजे गिऱ्हाईक कुठलंही असू शकतं. आणि मूळ गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची असली तरी तिचा अनुवाद गेल्या दशकातला असेल, तर त्या अनुवादाला स्वतःचा हक्क असतो. ई-पुस्तकांत लोक हमखास अडकतात ते इथे.

तिसरा ढीग परवाना दिलेल्या साहित्याचा. त्यावर सवडीने लिहितो, तो एका प्रतिसादात मावणार नाही.

काजवा

वाचनखूण साठवली आहे. तळटीपकाका, ध्वनिफितींचंही सांगा. संगीतकार वारून शतक लोटलं असेल तर ती रचना वापरता येते ना?

तळटीप

रचना येते. ध्वनिमुद्रण येतंच असं नाही. स्वरलिपीचा हक्क वेगळा, ती वाजवून मुद्रित केलेल्या फितीचा वेगळा. म्हणूनच म्यूझोपेनसारख्या प्रकल्पाने २०१० मध्ये लोकांकडून पैसे गोळा करून अभिजात रचना नव्याने वाजवून घेतल्या आणि ती मुद्रणं सगळ्यांसाठी खुली केली. रचनांची मुदत कधीच संपली होती, तरी हा खटाटोप करावा लागला यातच तुमचं उत्तर आलं.

शाईचा डाग

मी चित्रं काढते. रंगवायची पानं वर्षानुवर्षं माझ्या पानावर फुकट ठेवते आहे. परवाना स्पष्ट लिहिलेला आहे, क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे तयार खुल्या परवान्यांपैकी एक, सीसी बाय-एनसी-एसए. म्हणजे नाव द्या, विकू नका, बदल केलेत तर तेही याच अटींवर वाटा. शिक्षिका, पालक कळवतात की आज वर्गात हे रंगवलं, त्यातच माझं भरून पावतं.

मग एका विक्रीस्थळावर 'हजारो चित्रांचा महासंच' दिसला. त्यात माझी पानं. खालची नावाची पट्टी तेवढी नीट कापलेली. मी नोटीस पाठवली, संच उतरवला गेला, आणि पुढे तोच संच दुसऱ्या नावाने, दुसऱ्या मुखपृष्ठासह वर आला. पैसे बुडाले याचं मला फारसं काही वाटत नाही, मी ते मागितलेच नव्हते. चिडचीड कशाची होते सांगू? ज्या शिक्षिकेला ते पान माझ्याकडून फुकट मिळालं असतं तिने त्याचे पैसे मोजले, आणि हे तिला कधीच कळणार नाही.

गोधडी, तुमच्यावर रोख नाही. तुम्ही विकायच्या आधी विचारता आहात.

रात्रपाळी

इथे सगळे 'विकणं = पाप' या सुरात जायच्या आत सॉफ्टवेअरवाल्यांची बाजू मांडतो.

ज्यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी केली त्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ च्या सुमारास ईमॅक्स हा आपला प्रोग्राम चुंबकीय फितीवर घालून १५० डॉलरला विकला. तोच प्रोग्राम नेटवर्कवरून फुकट उतरवता येत असे. ज्याच्याकडे नेटवर्क नव्हतं तो फीत मागवायचा. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत तर स्पष्टच आहे की प्रतीला हवी ती किंमत लावा किंवा काहीच लावू नका. अट पैशांवर नाही. घेणाऱ्याला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, मिळाला पाहिजे आणि त्याला पुढे वाटायला तुम्ही अडवायचं नाही, एवढंच. नव्वदच्या दशकात लिनक्सच्या सीडी विकून कंपन्या चालल्या, त्यांना कुणी चोर म्हटलं नाही.

२०२२ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या स्टोअरसाठी नियम काढला, की जे मुक्त सॉफ्टवेअर इतरत्र फुकट मिळतं त्यावर स्टोअरमध्ये पैसे घ्यायचे नाहीत. हेतू चांगला होता. दुसऱ्याचं सॉफ्टवेअर जसंच्या तसं उचलून विकणारे उपटसुंभ रोखायचे होते. पण गदारोळ झाला, कारण त्या नियमात खरे बनवणारेही सापडत होते. क्रिता हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट देतं आणि स्टीमवर, मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर पैसे घेऊन. त्या पैशांतून प्रोग्रामर पोसले जातात. शेवटी ते कलम मागे घेतलं गेलं. तेव्हा 'फुकट मिळतं ते विकू नये' हा सरसकट नियम चांगल्या माणसांच्याच मुळावर येतो.

उगाच

+१. मी हेच म्हणत होतो, फक्त कमी शब्दांत.

शाईचा डाग

रात्रपाळी, क्रितावाले स्वतःचं विकतात हो. माझी पट्टी कापणारा माझं विकतो.

रात्रपाळी

मान्य. पण जीपीएल असतं तर स्वतःचं नसलेलंही त्याला विकता आलं असतं, आणि तो परवाना निवडणाऱ्याने हे कबूल करूनच निवडलेला असतो. ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर लोकांनी भलत्याच नावांनी वेष्टनं बदलून विकलं. ब्लेंडरवाल्यांनी 'हे बेकायदा आहे' असा कांगावा केला नाही. नुसतं विकणं त्यांच्या परवान्यात बसतं. तुम्ही जे विकत घेताय ते आमच्याकडे फुकट आहे, एवढं त्यांनी लोकांना सांगितलं.

तळटीप

आता तिसरा ढीग. गोधडीताई, प्रत्येक फाइल जिथून घेतलीत ते पान पुन्हा उघडा, दुसरा उपाय नाही.

फॉन्ट सोपे आहेत. मुक्ता, बलू, नोटो देवनागरी हे सगळे एसआयएल ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत. त्यात गमतीशीर कलम आहे. फॉन्ट नुसता, एकटा विकता येत नाही, पण एखाद्या सॉफ्टवेअरच्या सोबत बांधून दिलात तर चालतो. त्या फॉन्टमध्ये तयार केलेला तक्ता विकायला तर कसलीच आडकाठी नाही, तो परवाना तक्त्याला लागूच होत नाही. म्हणजे 'फॉन्टसंच' म्हणून वेगळी फोल्डर विकू नका, तक्ते खुशाल विका.

'फुकट फोटो' देणाऱ्या स्थळांचं प्रकरण निसरडं आहे. अनस्प्लॅशवरची चित्रं २०१७ पर्यंत सीसी-शून्य होती, म्हणजे हक्क सोडून दिलेली. त्यानंतर त्यांनी स्वतःचा परवाना आणला. धंद्यात वापरा, हरकत नाही, पण चित्र लक्षणीय बदल न करता विकू नका आणि चित्रं गोळा करून आमच्यासारखंच दुसरं भांडार उभारू नका. पिक्साबेने २०१९ मध्ये असंच केलं. तुम्ही 'काही चित्रांचा आकार बदलला' इतकंच केलं असेल तर त्याला लक्षणीय बदल कुणी म्हणणार नाही. पार्श्वभूमीला फोटो घेऊन वर तुमचा मजकूर, मांडणी असलेला तक्ता केलात तर तो वेगळा पदार्थ झाला.

सीसी बाय असेल तर विका, नाव द्या. बाय-एसए असेल तर विका, पण त्यावर बेतलेलं तुमचं कामही त्याच परवान्याखाली सोडावं लागेल. एनसी दिसलं की थांबा. एनडी दिसलं तर बदल केलेली प्रत वाटू नका.

काजवा

एनसीमध्ये 'विक्री' म्हणजे नेमकं काय? शाळेने झेरॉक्सवाल्याला पैसे देऊन प्रती काढल्या तर झेरॉक्सवाला दोषी?

तळटीप

नेमका हाच खटला अमेरिकेत झाला आहे. ग्रेट माइंड्स या संस्थेने गणिताचा अभ्यासक्रम एनसी परवान्याखाली खुला केला होता. शाळांनी त्याच्या प्रती फेडेक्स ऑफिसकडून पैसे देऊन छापून घेतल्या. संस्था म्हणाली, छापणारा नफा कमावतोय, म्हणजे परवाना मोडला. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने हे मान्य केलं नाही. वापर शाळेचा आहे आणि तो बिनव्यापारी आहे, छापणारा शाळेच्या सांगण्यावरून काम करतो आहे. पुढच्या वर्षी ऑफिस डेपोविरुद्धच्या दाव्यातही दुसऱ्या अपील न्यायालयाने तसंच ठरवलं.

हे वाचून 'मीसुद्धा शाळांसाठीच तर करते' असं म्हणू नका. शाळेने सांगितलं म्हणून छापून देणं वेगळं आणि आधी संच तयार करून गिऱ्हाईक शोधणं वेगळं.

पिंपळपान

मी थोडी उलट बाजू घेते, कारण चर्चा नुसत्या परवान्यांत अडकली आहे आणि गोधडीने नीतीचंही विचारलं आहे.

शोधणं, चाळणं, लावणं या कामाला मोल आहेच. जालावर नको तितकं साहित्य पडलंय आणि त्यातलं चांगलं निवडून देणारा माणूस शिक्षकाचा वेळ वाचवतो. शिवाय मुदत संपलेली पुस्तकं जगभरचे प्रकाशक छापतात आणि लेखकाच्या वारसांना त्यातला छदाम जात नाही. त्यांना आपण अभिजात मालिकेचे प्रकाशक म्हणून मान देतो. मग तेच काम कुणी फाइलींचं केलं की एकदम 'फुकट्या' कसा होतो? कागदाला मान आणि फाइलीला शिव्या, हा मला निव्वळ सवयीचा भाग वाटतो.

शाईचा डाग

छापणारा कागद देतो, प्रस्तावना देतो, शुद्धलेखन तपासतो. महासंचवाला काय देतो?

पिंपळपान

काही देतात, काही देत नाहीत. मी म्हणते ते एवढंच, की उत्तर 'काय देतो' यावर ठरावं, 'मूळ फुकट होतं का' यावर नाही. ॲमेझॉनचा स्वप्रकाशन विभाग साधारण असाच विचार करतो. मुदत संपलेल्या पुस्तकाची फुकट प्रत दुकानात आधीच असेल, तर तुमची आवृत्ती वेगळी असली पाहिजे. म्हणजे स्वतःचा अनुवाद, स्वतःच्या टिपा किंवा निदान दहा नवी चित्रं. यातलं काही नसेल तर ठेवत नाहीत. जालावर फुकट उपलब्ध असलेला मजकूरही, तुम्ही स्वतः हक्कधारक नसाल तर, स्वीकारत नाहीत. हा नियम कायद्याने लादलेला नाही. दुकान कचऱ्याने भरलं की गिऱ्हाईक जातं, म्हणून केलेला आहे.

प्रोजेक्ट गुटेनबर्गचं धोरण मला सगळ्यात आवडतं. १९७१ पासून पुस्तकं फुकट देताहेत. त्यांची फाइल घेऊन विकायची असेल तर दोन वाटा. त्यांचं नाव आणि सगळे उल्लेख काढून टाका, मग मजकूर जगाचा आहे, काहीही करा. नाव ठेवून विकायचं असेल तर ढोबळ नफ्यातले २० टक्के त्यांना द्या. म्हणजे मजकुरावर त्यांचा दावा नाही, त्यांच्या नावलौकिकाचा फायदा उठवायचा असेल तर वाटा द्या.

उगाच

नाव काढलं तर फुकट, ठेवलं तर पैसे. आणि शाईचा डाग यांच्याकडे नाव काढलं तर गुन्हा. माणसाने करायचं काय?

तळटीप

परवाना वाचायचा, उगाचराव. दोघांच्या अटी वेगळ्या आहेत, इतकंच.

अनाहूत

एक खटला आठवला, तो या धाग्याच्या अगदी मधोमध बसतो.

१९४९ मध्ये दुसऱ्या महायुद्धावर एक दूरचित्रवाणी मालिका आली होती, अमेरिकी सेनापती आयझेनहॉवर यांच्या पुस्तकावर बेतलेली. अमेरिकेत तेव्हा हक्काचं नूतनीकरण करावं लागे, हक्कधारकांनी ते केलं नाही आणि १९७७ मध्ये मालिकेचा हक्क संपला. १९९५ मध्ये डास्टार नावाच्या कंपनीने त्या फिती मिळवल्या, काटछाट केली, नवं शीर्षक दिलं आणि स्वतःची निर्मिती म्हणून विकायला काढल्या. मूळ मालिकेचा नामोल्लेखही नाही. मालिकेची मूळ हक्कधारक फॉक्स कंपनीने दावा लावला, की दुसऱ्याचं काम आपलं म्हणून विकणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डास्टारच्या बाजूने निकाल दिला. ट्रेडमार्कच्या ज्या कायद्याखाली दावा होता त्यात 'मालाचा उगम' म्हणजे कॅसेट कुणी बनवली ते, त्यातली कल्पना कुणाची ते नव्हे. हक्क संपलेल्या कामाला श्रेय द्यायची सक्ती ट्रेडमार्कच्या मागल्या दाराने आणता येणार नाही.

म्हणजे अमेरिकेत तरी श्रेय न देता, काही न सांगता विकणं कायद्यात बसलं. पण पुढे २००५ मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं, की मालिकेचा हक्क संपला असला तरी ती ज्यावर बेतलेली होती त्या पुस्तकाचा हक्क जिवंत आहे. डास्टार शेवटी तिथे अडकली. वरचा थर मोकळा होता, खालचा नव्हता. वर अनुवाद आणि ध्वनिमुद्रणाचं तळटीप यांनी सांगितलं, त्याचीच ही उलटी बाजू.

भारतात आणि युरोपात लेखकाचा नैतिक हक्क नावाचा प्रकार आहे, श्रेय मागण्याचा हक्क. बर्न करारात तो १९२८ मध्ये आला. तो किती काळ टिकतो ते देशागणिक बदलतं, पण 'सगळीकडे डास्टारसारखं चालेल' असं समजू नका.

रात्रपाळी

अनाहूत, जबरदस्त. यावरून एक गोष्ट ध्यानात आली ती मांडतो.

सीसी बाय परवान्याची अट बघा. निर्मात्याचं नाव द्या, परवान्याचं नाव आणि दुवा द्या, बदल केला असेल तर तसं सांगा, मूळ पानाचा दुवा शक्य असेल तर द्या. ही अट प्रामाणिकपणे पाळली, तर तुमच्या विकाऊ संचातच लिहिलं जातं की ही वस्तू अमुक ठिकाणी आहे आणि तिथून फुकट मिळते. वर असंही, की तुम्ही वेगळे निर्बंध घालू शकत नाही. 'ही फाइल पुढे पाठवायला मनाई' असं पीडीएफवर छापलंत तर परवाना तुम्हीच मोडलात.

म्हणजे शाईचा डाग यांची पट्टी कापणारा माणूस आळशी नव्हता. पट्टी राहिली असती तर संच विकला गेला नसता. गिऱ्हाइकाचं अज्ञान हाच त्याचा माल होता. आणि सीसी-शून्य किंवा मुदत संपलेल्या मालाला अशी पट्टीच नसते, तिथे मूळ फुकट कुठे मिळतं ते कायदा सांगायला लावत नाही. सांगायचं की नाही हे तिथे विक्रेत्यानेच ठरवायचं असतं.

शाईचा डाग

हे मला इतकं नीट मांडता आलं नव्हतं. हो, हेच.

उगाच

थांबा थांबा. दुकानदाराने घाऊक भाव सांगायचा असतो का? मी एखादी वस्तू कुठून, कितीला आणली हे सांगायला मी बांधील नाही. गिऱ्हाइकाला किंमत पटली तर घेईल, नाही तर नाही. फाइलीच्या बाबतीतच अचानक सत्यवचनी हरिश्चंद्र का व्हायचं?

पिंपळपान

उगाच, या वेळी तुमच्यात दम आहे. पण वस्तू आणणाऱ्याने ती खरंच आणलेली असते, एकाला दिली की दुसऱ्याला राहत नाही. फाइलीचं तसं नाही. माझ्या मते दोन परिस्थिती वेगळ्या काढाव्यात. 'निवडक २०० पानं, इयत्तावार लावलेली, सूचीसह' म्हणून विकलं तर मूळ कुठून आलं हे जाहिरातीत ओरडून सांगायची गरज नाही, आत लिहिलं तरी पुरे. पण 'खास आमची निर्मिती', 'इतरत्र मिळणार नाही', 'मर्यादित काळासाठी' असं लिहिलं की ते मौन राहत नाही, खोटं होतं. आणि खोट्या जाहिरातीला ग्राहक संरक्षणाचे कायदे आहेत, कॉपीराइट संपलेला असो नसो.

उगाच

'मर्यादित काळासाठी' हे वाक्य काढून टाकलं तर निम्मं जाल बंद पडेल. बाकी ठीक.

काजवा

गेटी या फोटो विकणाऱ्या कंपनीचं काहीतरी प्रकरण होतं ना? फोटोग्राफरलाच तिच्या फोटोचं बिल पाठवलं होतं असं वाचल्याचं आठवतं.

अनाहूत

हो, कॅरल हायस्मिथ. त्यांनी आपली हजारो छायाचित्रं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली, लोकांनी मुक्तपणे वापरावीत म्हणून. पुढे स्वतःच्याच संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतःचा फोटो लावला म्हणून त्यांना गेटीशी संबंधित वसुली कंपनीकडून १२० डॉलरच्या मागणीचं पत्र आलं. २०१६ मध्ये त्यांनी अब्जभर डॉलरचा दावा ठोकला. कॉपीराइटवर आधारलेला भाग न्यायालयाने फेटाळला. हक्क सोडून दिल्यावर तो मोडल्याची तक्रार कशी करणार?

सगळ्यांसाठी मोकळं सोडलं म्हणजे ते विकणाऱ्यांसाठीही मोकळं होतं. ज्यांना हे सहन होणार नाही त्यांनी एनसी लावावं, शून्य लावू नये. पण मोकळ्या वस्तूची प्रत विकणं निराळं आणि तीच वस्तू वापरणाऱ्याच्या दारात जाऊन 'परवाना कुठाय, पैसे भर' म्हणणं निराळं. दुसरं मला सरळ खंडणी वाटतं.

दुपारची झोप

मला 'पुनर्विक्रीच्या हक्कांसह' असलेले संच मिळाले आहेत, पीएलआर म्हणतात तसले. विक्रेत्याने प्रमाणपत्रही दिलंय, की नाव बदलून विका. हे तर चालेल ना?

तळटीप

ज्याने तुम्हाला हक्क दिला त्याच्याकडे तो होता का, हा प्रश्न. नसलेला हक्क कुणी कुणाला देऊ शकत नाही, मग प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का का असेना. खरे पीएलआर लेखक असतात, स्वतः लिहितात आणि हक्क विकतात. पण अशा बऱ्याच संचांत इकडून तिकडून उचललेला माल असतो आणि विकणाऱ्याला स्वतःलाही ते ठाऊक नसतं. नोटीस येते ती तुमच्या नावाने. 'मला माहीत नव्हतं' म्हटल्याने फार तर भरपाई कमी होईल, जबाबदारी जात नाही. चार चित्रं घ्या आणि प्रतिमा-शोधात टाकून बघा, मूळ चित्रकार सापडतो का ते.

दुपारची झोप

टाकली. पहिल्याच चित्राला सापडला. झोप उडाली.

काजवा

अवांतर : मी पैसे देऊन घेतलेली ई-पुस्तकं वाचून झाल्यावर विकू शकतो का? कागदी पुस्तक तर विकतोच.

रात्रपाळी

जवळजवळ सगळीकडे नाही. कागदी पुस्तक देताना तीच वस्तू हात बदलते, फाइल देताना नवी प्रत तयार होते. रेडीजी नावाची कंपनी जुनी डिजिटल गाणी विकायची, २०१८ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयात हरली. युरोपात ई-पुस्तकांबाबत २०१९ मध्ये टॉम कॅबिनेट प्रकरणात तेच. सॉफ्टवेअरबाबत मात्र युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये यूझ्डसॉफ्ट प्रकरणात उलट ठरवलं होतं, जुना परवाना विकता येतो. का ते विचारू नका, वेगळा धागा काढावा लागेल.

गोधडी

सगळ्यांचे आभार. बसून प्रत्येक फाइलीचं मूळ पान पुन्हा शोधते आहे. काहींचं सापडतच नाही, ती काढली. एनसी असलेली चित्रं काढली. ती मूळ चित्रकारांच्या दुव्यांसह एका वेगळ्या पानावर फुकट यादी म्हणून देईन, विकणार नाही. शाईचा डाग, त्यात तुमचीही असू शकतील, व्यक्तिगत निरोपात दुवा पाठवा. दोन ई-पुस्तकांचे अनुवाद अलीकडचे निघाले, तीही गेली. तक्ते माझे राहतात, आणि आता वाटतंय की विकण्यासारखं मुळात तेवढंच होतं.

दोन शंका उरल्या. एक, इतकं निवडून लावलं त्यावर माझा काही हक्क की तोही नाही? दोन, श्रेयाच्या ओळी प्रत्येक फाइलीत घालायच्या की शेवटी एक पान केलं तर पुरे?

तळटीप

एक : निवड आणि मांडणी यांत तुमची स्वतःची अक्कल दिसत असेल तर त्या मांडणीवर हक्क मिळू शकतो, आतल्या वस्तूंवर नाही. नुसती अकारविल्हे यादी केली तर तोही नाही. अमेरिकेत १९९१ मध्ये दूरध्वनी पुस्तिकेवरच्या खटल्यात, फाइस्ट विरुद्ध रूरल, हे ठरलं. नुसते कष्ट पुरत नाहीत.

दोन : चौथ्या आवृत्तीच्या सीसी परवान्यांत 'वाजवी पद्धतीने' एवढीच अट आहे, एका श्रेयपानाचा दुवा दिलात तरी चालतं. पण शिक्षक संच फोडून एकेक पान पुढे पाठवणार, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पानाच्या तळाशी लहान अक्षरांत एक ओळ घाला, आणि कडेला इतकी चिकटवू नका की छापताना कापली जाईल.

शाईचा डाग

तळापासून निदान बोटभर वर. निरोप पाठवला आहे, गोधडी.